उताऱ्यात न लिहिलेलं किती धरायचं? अनुमानाचे प्रश्न सोडवण्याची एक पद्धत

नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका अभ्यासिकेत मी रविवारी सकाळी सीसॅटचे, म्हणजे स्पर्धा परीक्षांतल्या कल चाचणीच्या पेपरचे, उतारे सोडवून घेते. येणारी मुलं बहुतेक नागपूरबाहेरची. काटोल, नरखेड, उमरेड, पवनी, एखादा पार अहेरीहून आलेला. गणितात अडतात तसं ही मुलं उताऱ्यात अडत नाहीत. उतारा त्यांना समजतो. तरी ‘कोणते अनुमान काढता येईल’ असा प्रश्न आला की हमखास मार्क जातात, आणि माझ्या मते कारण एकच असतं. उताऱ्यानं जे सांगितलेलं नाही ते मुलं स्वतःच्या पदरचं भरतात आणि आपण भर घातली हे त्यांना कळतही नाही.

न सांगितलेल्या तपशिलाचं करायचं काय, एवढ्यावरच हा लेख आहे. आधी हा उतारा वाचा. सरावासाठी मीच लिहिला आहे, गाव कुठलंही धरा.

“संत्र्याचे उत्पादन घेणाऱ्या एका गावात गेल्या उन्हाळ्यात विहिरींची पातळी मार्चमध्येच खाली गेली. ज्या शेतकऱ्यांनी ठिबक सिंचन बसवले होते, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बागा टिकल्या. मोकाट पाणी देणाऱ्यांपैकी काहींनी टँकर लावून झाडे जगवली. बाकीच्यांची झाडे वाळली. यंदा गावातील आणखी चौदा शेतकऱ्यांनी ठिबकसाठी अर्ज केले आहेत.”

उताऱ्यावरून खालीलपैकी कोणते अनुमान काढता येईल?

(अ) टँकरचा खर्च न परवडल्याने काही शेतकऱ्यांची झाडे वाळली.
(ब) गेल्या वर्षीचे नुकसान पाहून चौदा शेतकरी ठिबककडे वळले.
(क) ठिबक बसवलेल्या काही शेतकऱ्यांच्या बागा वाळल्या.
(ड) टँकर न लावता मोकाट पाणी देणाऱ्या एकाही शेतकऱ्याची झाडे वाचली नाहीत.

पुढे वाचण्याआधी उत्तर ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा.

आमच्याकडे निम्म्याहून जास्त मुलांनी (अ) लिहिलं. नरखेडकडची एक मुलगी तर मागे हटायलाच तयार नव्हती. तिच्या घरची बाग आहे. ती म्हणाली, “मॅडम, टँकरले पैसेच नसतात न. आमच्याकडे असंच होऊन राहिलं दरसाली.” तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तिच्या गावाबद्दल तिला माझ्यापेक्षा आणि प्रश्न काढणाऱ्यापेक्षाही जास्त माहीत आहे. पण प्रश्न तिच्या गावाबद्दल नव्हता, त्या पाच वाक्यांबद्दल होता.

मग आम्ही फळ्यावर एक काम केलं. (अ) खरं ठरवायला उताऱ्यात कोणकोणती वाक्यं घालावी लागतात, ती एकेक लिहून काढली. पहिलं वाक्य: ‘बाकीच्यांनी टँकर लावलाच नाही.’ उताऱ्यात हे कुठे आहे? कुठेच नाही. काहींनी टँकर लावून झाडं जगवली आणि बाकीच्यांची वाळली, एवढंच तिथे आहे. बाकीच्यांपैकी कुणी टँकर लावला असेल, पाणी कमी पडलं असेल किंवा उशिरा आलं असेल, आणि झाडं तरीही गेली असतील. दुसरं वाक्य: ‘टँकर न लावण्याचं कारण पैसा होता.’ हेही नाही. टँकर मिळाला नसेल, बागेपर्यंत गाडी जायला वाट नसेल. म्हणजे (अ) उभा राहायला दोन वाक्यांची भर लागते, आणि दोन्ही आपल्या खिशातली.

(ब) ला एका वाक्याची भर लागते. नुकसान झालं, मग अर्ज आले, हा क्रम उताऱ्यात आहे. नुकसानीमुळे अर्ज आले हे नाही. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अनुदानाचे अर्ज सुरू झाले म्हणूनही चौदा जण अर्ज करतील. शिवाय त्या चौदांत कुणी टँकर लावून झाडं जगवलेलाही असू शकतो.

(क) जरा नाजूक आहे. ‘बहुतेकांच्या बागा टिकल्या’ म्हटलं की रोजच्या बोलण्यात आपण ‘म्हणजे काहींच्या गेल्या’ असंच ऐकतो. पण ते ऐकणं आपलं. काटेकोरपणे पाहिलं तर ‘बहुतेक’ हा शब्द निम्म्यांहून जास्त एवढीच हमी देतो. उरलेल्यांच्या बागा वाळल्या, अर्धवट टिकल्या की लेखकाला त्यांची माहितीच नव्हती, ते तो शब्द सांगत नाही. एक लहानशी का होईना, भर लागते.

(ड) ला काहीच लागत नाही. मोकाट पाणी देणाऱ्यांचे उताऱ्यानं दोनच गट केले: टँकर लावून झाडं जगवणारे आणि बाकीचे. टँकर न लावणारा पहिल्या गटात बसूच शकत नाही, म्हणजे तो बाकीच्यांत आला, आणि बाकीच्यांची झाडं वाळली. उताऱ्यात हे वाक्य लिहिलेलं नाही, पण उतारा खरा धरला तर ते खोटं ठरवायला जागाच उरत नाही. उत्तर (ड).

आणि (ड) कुणीच का निवडला नव्हता? ‘एकाही’ या शब्दामुळे. ‘सर्व, एकही नाही, कधीच, फक्त असे टोकाचे शब्द दिसले की पर्याय खोडा’ असा नियम या मुलांना कुठेतरी पढवलेला असतो. हा नियम मला मनापासून नापसंत आहे. टोकाच्या शब्दाला टोकाचा पुरावा लागतो, हे बरोबर. पण पुरावा असेल तर तोच पर्याय सर्वांत पक्का असतो. शब्द पाहून खोडू नका, त्याच्यामागचं वाक्य उताऱ्यात शोधा.

भर मोजायची कशी

परीक्षेत फळ्यावर वाक्यं लिहायला वेळ नसतो. तेव्हा हाच हिशोब एका प्रश्नात बसवायचा: उतारा सगळा खरा आहे आणि हा पर्याय खोटा आहे, अशी एखादी गोष्ट मला सांगता येते का? सांगता आली तर पर्याय अनुमान नाही. टँकर लावूनही झाडं वाळलेला शेतकरी डोळ्यांसमोर आणला की (अ) तिथेच पडतो. सुरुवातीला गोष्ट सुचत नाही, कारण मन पर्यायाच्या बाजूनं पुरावे गोळा करत बसतं. म्हणून मी मुलांना पर्यायाचा वकील होऊ देत नाही, विरुद्ध बाजूचा वकील करते. दोनतीन आठवड्यांत हात बसतो.

त्याआधीची एक पायरी बहुतेक जण गाळतात, ती गाळू नका. उतारा वाचून झाला की पर्यायांकडे जाण्याआधी दहा सेकंद थांबा आणि स्वतःला विचारा, यानं काय सांगितलं नाही? वरच्या उताऱ्यात कारण सांगितलेलं नाही, खर्च सांगितलेला नाही, एकूण शेतकरी किती ते नाही, अर्ज मंजूर झाले का ते नाही. प्रश्न काढणारा चुकीचे पर्याय बहुधा याच मोकळ्या जागांतून उचलतो. जागा आधी दिसली असेल तर पर्याय वाचतानाच तो कुठून आला ते ओळखू येतं.

मोकळ्या जागा दोन जातींच्या असतात, हेही ध्यानात घ्या. काही जागा उतारा बोलत नसला तरी स्वतःच बंद करून टाकतो; टँकर न लावणाऱ्यांचं काय झालं, ही तशी जागा. काही जागा तो उघड्याच सोडतो. टँकर का लावला नाही, ही तशी. पहिलीत उत्तर असतं, दुसरीत सापळा.

प्रश्नातला नेमका शब्द आधी वाचा

‘उताऱ्यानुसार’, ‘अनुमान’, ‘गृहीतक’ आणि ‘मध्यवर्ती आशय’ ही चार वेगवेगळी कामं आहेत. मुलं चौघांना एकाच चष्म्यातून बघतात. ‘उताऱ्यानुसार’ म्हटलं की वाक्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. मध्यवर्ती आशयात न सांगितलेल्या तपशिलाचा फारसा संबंधच येत नाही, तिथे उतारा कशासाठी लिहिला एवढं बघायचं. खरी गल्लत अनुमान आणि गृहीतक यांत होते, कारण दोन्ही उताऱ्यात लिहिलेली नसतात. फरक दिशेचा आहे. अनुमान उताऱ्यातून बाहेर पडतं. गृहीतक उताऱ्याच्या खाली असतं. ते काढून घेतलं तर लेखकाचं म्हणणं कोसळतं.

समजा नागपूरच्या बर्डी या बाजारपेठेबद्दल कुणी लिहिलं: ‘बर्डीतली वाहनांची गर्दी कमी करायची असेल तर मेट्रो स्थानकांपासून वस्त्यांपर्यंत फीडर बस वाढवाव्यात.’ यात काय गृहीत आहे? आज बर्डीला स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांपैकी काही जण तरी, फीडर बस मिळाली तर गाडी घरी ठेवतील. तपासायला ते उलटं करून बघा: ‘फीडर बस आली तरी एकही जण गाडी घरी ठेवणार नाही.’ झालं, सूचनेत राम उरला नाही. म्हणजे ते गृहीतक खरंच लागत होतं. आता ‘मेट्रोचं भाडं बसपेक्षा कमी आहे’ हे उलटं करा. भाडं जास्त असलं तरी वेळ वाचतो म्हणून लोक येतील, सूचना उभीच राहते. म्हणजे ते गृहीतक नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. ‘सर्व जण गाड्या घरी ठेवतील’ हेही नाही, कारण गर्दी कमी व्हायला सर्वांची गरज नाही. गृहीतकाच्या प्रश्नात लागेल तेवढंच घ्या, त्याहून मोठं विधान घेऊ नका.

थोडक्यात, अनुमानाला आपल्याकडची भर चालत नाही आणि गृहीतकात लेखकानं न सांगता घातलेली भरच शोधायची असते. म्हणूनच प्रश्नातला तो एक शब्द वाचल्याशिवाय पर्यायांना हात लावू नका.

आपल्याला जे माहीत आहे त्याचं काय करायचं

इतिहास-भूगोल पाठ असलेल्या मुलांना इथे सर्वांत जास्त त्रास होतो. हे तीन वाक्यांचं टिपण बघा:

“१९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरवण्याची तरतूद होती. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले.”

यावरून ‘नागपुरात हिवाळी अधिवेशन भरते’ असं अनुमान काढता येईल का? डिसेंबरमध्ये विधानभवनाकडचे रस्ते बंद झालेले आपण जवळजवळ दरवर्षी पाहतो, त्यामुळे हात आपोआप ‘हो’कडे जातो. पण टिपणात हिवाळा नाही. तरतूद प्रत्यक्षात पाळली गेली का, तेही नाही. विधान खरं आहे, अनुमान नाही. ‘विदर्भावर अन्याय झाला’ किंवा ‘झाला नाही’, हे दोन्ही पर्याय बाद. त्यावर आपलं मत कितीही ठाम असो, या तीन वाक्यांत त्याला टेकू नाही.

‘नागपूर करार झाला तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होते’ हे मात्र निघतं. १९५६ पर्यंत राजधानी, करार १९५३ चा. दोन तारखा शेजारी ठेवल्या की झालं. हे कुठल्याही एका वाक्यात नाही, दोघांच्या बेरजेत आहे. चांगलं अनुमान बहुतेक वेळा असंच दोन वाक्यांच्या जोडातून येतं, त्यामुळे पर्याय एका वाक्यात सापडला नाही म्हणून लगेच खोडू नका.

मग माहीत असलेलं सगळंच विसरायचं का? तसंही नाही. शब्दांचा अर्थ, साधी बेरीज-वजाबाकी, १९५३ हे १९५६ च्या आधी येतं हे, असली समज घ्यायचीच. घ्यायची नाही ती घटनेबद्दलची, कारणांबद्दलची आणि माणसांच्या मनात काय होतं याबद्दलची माहिती. उताऱ्यात हेतू लिहिलेला नसेल आणि पर्यायात ‘च्या उद्देशाने’, ‘मुळे’, ‘म्हणून’ आलं असेल, तर थांबा. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त मार्क याच तीन शब्दांनी खाल्ले आहेत.

मराठीत न बोलता बोलणारे शब्द

मराठी उताऱ्यात पुष्कळ न सांगितलेलं एकेका अक्षरात दडलेलं असतं, आणि ते वाचायला पुस्तकी नियमांपेक्षा आपला कान जास्त उपयोगी पडतो. ‘महिलांनीही अर्ज केले’ म्हणजे आणखी कुणीतरी केले. ‘महिलांनीच अर्ज केले’ म्हणजे बाकी कुणी केले नाहीत. ‘गिरणी पुन्हा सुरू झाली’ यात ती आधी सुरू होती आणि मधे बंद पडली, या दोन्ही गोष्टी येऊन गेल्या. ‘अद्याप निधी मिळालेला नाही’ यात निधीची अपेक्षा आहे, पण तो मिळेलच असं नाही. ‘आणखी चौदा’ म्हणजे आधी काही होते. हे शब्द भर नव्हेत. लेखकानंच ते आत ठेवले आहेत. म्हणून पहिल्याच वाचनात ही, च, सुद्धा, तरी, मात्र, पुन्हा, अद्याप, आणखी, काही, बहुतेक यांच्याखाली पेन्सिल ओढत चला.

‘असावा’ आणि ‘आहे’ यांतही सांभाळून राहा. ‘पूल कमकुवत झाला असावा’ हा लेखकाचा अंदाज आहे. पर्यायात ‘पूल कमकुवत झाला आहे’ आलं तर अंदाजाची खात्री करून ठेवली आहे, आणि तो पर्याय जातो.

एक अडचण आपल्या भाषेतली. ‘सगळ्या विहिरी आटल्या नाहीत’ या वाक्याचे दोन अर्थ लागतात: एकही आटली नाही, किंवा काही आटल्या, सगळ्या नाही. बोलताना आवाजावरून कळतं, छापलेल्या कागदावर कळत नाही. ‘सगळ्याच’ असेल तर दुसरा अर्थ पक्का. नुसतं ‘सगळ्या’ असेल तर आजूबाजूची वाक्यं बघा, आणि प्रश्नपत्रिका द्विभाषिक असेल तर त्याच वाक्याची दुसरी भाषा बघा. पंधरा सेकंद जातात, पण प्रश्न वाचतो. तसंच कर्ता गाळलेल्या वाक्यांचं. ‘तक्रार केली, पण दखल घेतली नाही.’ कुणी केली, कुणी घेतली नाही? आपण मनात कुणालातरी बसवून पुढे जातो आणि पर्यायात नेमकं तेच नाव समोर येतं.

‘सर्वाधिक तर्कसंगत’ असं विचारलं तर

यूपीएससीच्या पेपरात अनेकदा ‘सर्वाधिक तर्कसंगत अनुमान कोणते’ असा शब्दप्रयोग असतो. तिथे कधीकधी चारही पर्यायांना थोडी भर लागते आणि वरची काटेकोर कसोटी लावली तर सगळेच पडतात. मुलं घाबरतात. घाबरायचं कारण नाही, कसोटी तीच ठेवा आणि मोजणी करा: सर्वांत कमी भर कुणाला लागते? वरच्या उताऱ्यात (ड) नसता, तर मी (अ) ची दोन वाक्यं आणि (क) ची एक लहानशी शंका समोर ठेवून (क) घेतला असता. (ब) लाही एकच वाक्य लागतं, पण ते कारणाचं आहे, आणि कारणाची भर मी नेहमी जड धरते.

दोन पर्यायांत अडकलात तर दोघांत वेगळा पडणारा नेमका शब्द शोधा आणि फक्त त्या शब्दासाठी उताऱ्यात परत जा. पूर्ण उतारा पुन्हा वाचू नका.

हिशोबही डोक्यात असू द्या. यूपीएससीचा सीसॅट पात्रतेपुरता असतो: ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास, पास व्हायला ३३ टक्के म्हणजे ६६ गुण. प्रत्येक प्रश्न अडीच गुणांचा, चुकला तर एक तृतीयांश जातो, म्हणजे तीन चुकीच्या उत्तरांनी एक बरोबर उत्तर पुसलं जातं. प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळतं. त्यामुळे दोन पर्याय खात्रीनं पडले असतील तर उरलेल्या दोघांतून निवडा; एकही पाडता आला नसेल तर सोडून पुढे जा.

घरी करायचा सराव

रोज सकाळी वर्तमानपत्रातली शहराच्या पानावरची एक छोटी बातमी घ्या, सहासात ओळींची. अग्रलेख नको, त्यात मतं जास्त असतात आणि सुरुवातीला गोंधळ होतो. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे बातमी स्वतःच बंद करते त्या न लिहिलेल्या गोष्टी, उजवीकडे ती उघड्या सोडते त्या. ‘दुरुस्तीनंतर शनिवारी पाणीपुरवठा पूर्ववत होईल’ अशी ओळ असेल तर ‘सध्या पुरवठा नेहमीसारखा नाही’ हे डावीकडे. किती भागांत, बिघाड कशानं झाला, शनिवारी खरंच पाणी येईल का, हे उजवीकडे. मग उजव्या बाजूच्या एका गोष्टीवरून स्वतःच एक फसवा पर्याय तयार करा आणि अभ्यासिकेतल्या शेजाऱ्याला द्या. त्यानं दिलेला तुम्ही सोडवा. सापळा स्वतः रचला की दुसऱ्याचा लवकर दिसतो; या सरावाइतका फायदा मला दुसऱ्या कशाचाही झालेला दिसला नाही.

नरखेडच्या त्या मुलीनं यात एक सुधारणा केली, ती आता मी सगळ्यांना सांगते. तिनं उजवीकडे तिसरा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं, ‘हे मले माहीत आहे’. उतारा वाचताना गावाकडचं जे जे आठवतं, टँकरचे दर, रात्रीची वीज, संत्र्याचा मृग बहर फुटला की नाही, ते ती आधी तिथे लिहून टाकते. मग त्या रकान्यावर हात ठेवून पर्याय वाचते. परीक्षेत रकाना आखायला वेळ नसतो, म्हणून तिथे ती समासात फक्त ‘मा’ लिहून त्याला गोल करते.